रवळू पेंटरचा ळ

रवळू हलगेकर. सही करताना आधी ळ काढायचा,
मग त्याच्या आजूबाजूला उरलेलं नाव बसवायचा,
मोठ्या पाहुण्याला पाट देऊन
घरच्यांनी कडेला सरकावं, तसं.

मी अकरा वर्षं होतो त्याच्याकडे.
डबे धुतले, शिडी धरली,
खडू लावलेली सुतळी भिंतीवर ताणून धरली.
तो मधोमध चिमटीत उचलून सोडायचा. टण्.
सरळ रेघ. मग तिच्याखाली खडेबाजार:
तंबाखूची वखार, दातांचा डॉक्टर,
उद्यमबागेतली ओतकामाची फाउंड्री.

त्याचा उस्ताद सिद्धराय हूगार, गोकाकचा.
त्याने हाताला आधी कानडी शिकवली,
भरल्या पोटाची, वर तलेकट्टू.
मराठी रवळूने शाळेतून आणलेली,
काटकोनी, उपाशी.
"दोघींच्याही डोईवर पदर," हूगार म्हणायचा,
"एकीचा आखूड, एकीचा शेजारणीपर्यंत गेलेला."

एका रात्री कुणीतरी डांबर घेऊन फिरलं.
सकाळी आम्ही रॉकेल आणि चिंध्या घेऊन.
वर्षाने दुसरं कुणीतरी, दुसऱ्या ओळीवर.
रवळूने दोन्ही वेळा तेवढेच पैसे लावले,
दोन्ही पावत्यांवर एकच शब्द: पुसणे.
मी कोण, का, असं काही विचारलं तर
"ब्रश धू की गा."

मग फ्लेक्स आलं. बारा रुपये फूट.
खारीच्या केसांचे ब्रश डब्यात कडक झाले.
सुगंधावहिनीच्या पाटल्या सोसायटीत गेल्या
आणि सेहेचाळिसाव्या वर्षी घरात कॉम्प्युटर.
माऊस त्याने तीन बोटांत उभा धरला.
फॉन्टमध्ये ळ होता, पण मुका,
दोन्ही वेटोळी सारखी, बटणं शिवल्यासारखी.
त्या एका अक्षरावर त्याने नऊ रात्री घातल्या.
पहिलं वेटोळं मिटलेलं,
दुसरं तांदळाच्या दाण्याएवढं उघडं.
"आत वारा जायला पायजे."
गिऱ्हाइकं तोवर समोरच्या दुकानात.

खोक्यांचा धंदा वहिनीच्या डोक्यातला.
कुंद्याची पहिली तीन हजार खोकी परत आली,
शाईचा वास मिठाईला लागला म्हणून.
वर्षभर आम्ही त्यांत खिळे ठेवले, पावत्या, मोहरी.
पुढे शाई बदलली. चार माणसं होती, बावीस झाली.
रवळू मालक झाला,
तरी जेवायला पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यावरच.

मेक्सिकोहून एक बाई आली होती एकदा, एल्विरा.
बाप पुएब्लात बेकरीच्या भिंती रंगवायचा,
ती साबणाची खोकी काढते, चाळीस माणसं हाताखाली.
शिरोरेखेखाली बोट फिरवत दुभाष्याला म्हणाली,
आमच्याकडे सणाला कागद कातरून
दोरीवर टांगतात, अगदी असेच.
मग ळपाशी थांबली. हा कोण?
ल म्हणाली, र म्हणाली, हसली.
रवळूने तिच्या चष्म्याकडे बोट केलं
आणि म्हणाला, "डोळा."
तिला काही ते जमलं नाही.
पण जाताना दोघांनी हात शेजारी धरून पाहिले:
मधल्या बोटाला, नखालगत,
एकाच जागी घट्टा.

आता त्याचा हात थरथरतो.
त्या फॉन्टला त्याने नाव ठेवलंच नाही,
फाइल अजून 'नवीन तीन पक्का'.
कारखान्याला पाटी नाही.
वर कुठली, खाली कुठली, विचारलं की म्हणतो,
हूगारला विचारायचं ऱ्हायलं.

परवा खानापूरला स्टँडबाहेर
उसाच्या गाड्यावर पाटी दिसली, 'निर्मळ रस'.
ळ ओळखीचा वाटला.
कुणी केली? गाडीवाला म्हणाला,
"काय की. मोबाइलवर गावतंय."

रात्री रवळूला सांगितलं.
खूश होईल वाटलं होतं, किंवा चिडेल.
तो पानाचा देठ खुडत म्हणाला,
"दुसरं वेटोळं उघडं हुतं काय मिटलेलं?"

मला आठवेना.
सकाळच्या गाडीने परत खानापूरला गेलो.